तापल्यावर बंद पडणारं मशीन

"हात काढा, मॅडम. आधी हात काढा त्याच्यावरून!"

दिनकरराव दारातून ओरडले तेव्हा वच्छलाचे हात मशीनवर नव्हतेच. ते मांडीवर होते. पडद्यावरची हिरवी अक्षरं गोठली होती. डाव्या कोपऱ्यात इंग्रजीत दोनच शब्द उमटले होते, पॅरिटी चेक, आणि ते उमटले की कुठलीही कळ दाबा, मशीन ढिम्म हलत नाही, हे तिला आता पाठ झालं होतं.

खिडकीबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग थेट देवगाव फाट्यापर्यंत गेली होती. काट्यावर वजन झालेले लोक व्हरांड्यात दाटून उभे होते. वजन आणि कापसाची प्रत नोंदलेली चिठ्ठी हातात पडल्याशिवाय जिनवाले, म्हणजे सरकी काढणाऱ्या कारखान्यातले लोक, गाडी खाली करू देत नसत. चिठ्ठी मशीन छापत असे. मशीन बंद म्हणजे चिठ्ठ्या हातानं, आणि रांग मुंगीच्या पावलानं.

"पुन्ना बसलं का खाली?" टाइपरायटरवरून मान वर करून दत्तराव म्हणाले. "आमचं टाइपरायटर बगा, वीस वर्षं झाली, एकदा बी रुसलं न्हाई."

दिनकरराव कापूस खरेदीच्या संस्थेचे मॅनेजर. पण त्यांनी मशीनकडे पाहिलं नाही, वच्छलाकडेही नाही. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते आणि त्यांचे ओठ किंचित हलत होते. हा माणूस तारखा मोजतोय, हे वच्छलाच्या ध्यानात यायला क्षणभर वेळ लागला. तिच्या तारखा.

"कालच न्हाल्या की त्या," कोपऱ्यात माठ भरत असलेली सरजाबाई म्हणाली. "पाचवा हाय आज."

"मग अजून पुरतं गेलं नसंल," दिनकरराव म्हणाले, आणि घसा साफ करून केबिनकडे वळले.

वच्छलाच्या कानशिलांत कढत काहीतरी भरलं. पदार्थविज्ञान घेऊन पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेली बाई आपण, आणि आपल्या अंगाचा हिशेब ही तिघं उघड्यावर करतायत, बाहेरच्या गाड्या मोजाव्यात तसा. तिनं बटण बंद केलं. पडदा मिटला. मग कोरे कागद आणि कार्बन घेऊन ती हातानं चिठ्ठ्या लिहायला बसली. पेनचं टोक दोनदा कागदातून आरपार गेलं.

हे सगळं सुरू झालं होतं खंडेनवमीला. त्या दिवशी जिनमध्ये यंत्रांची पूजा असते. हमाल काट्याला हार घालतात, फिटर पान्यांना हळदकुंकू लावतो. कॉम्प्युटर हेही यंत्रच. त्यामुळे गेली सात-आठ वर्षं दर खंडेनवमीला त्याच्यापुढे नारळ फुटत होता, त्याच्यावर अक्षता पडत होत्या आणि पुढ्यात कापूर जळत होता. या वर्षी पूजेच्या वेळी वच्छला दारातच थांबली. थांब म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. घरची सवय पायांत होती, पाय उंबऱ्याशी आपोआप अडले. दिनकररावांच्या बायकोनं प्रसाद पुढं केला, वच्छलानं मान हलवली, आणि बाईला समजायचं ते समजलं. संध्याकाळपर्यंत ते हमालांनाही समजलं.

त्याच दुपारी जिल्ह्याला तातडीनं यादी पाठवायची होती. दिनकररावांनी स्वतःच तिला मशीनवर बसवलं. दोन-अडीच तासांत मशीन बंद पडलं. त्याआधी ते कधी असं अडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. समोरच्या पेपरवेटकडे बघत ते म्हणाले, "मॅडम, आमी काय जुन्या वळणाचे न्हाईत. पण तुमची ती… अडचण असंल तवा टेबल बाहेर लावू. चार दिवस. मशीनला नको."

तिनं त्या दिवशी हो म्हटलं होतं. नोकरी नवी होती, रोजंदारीवरची होती, आणि दारात आपण स्वतःच थांबलो होतो हे तिला नाकारता येत नव्हतं. त्या होकाराचा राग तिला इतरांवरच्या रागापेक्षा जास्त येई.

मग नियमच पडला. ते चार दिवस वच्छला व्हरांड्यात बसून हातानं चिठ्ठ्या लिही. दत्तराव सकाळी मशीन सुरू करत, आधी भरलेली एखादी यादी छापत आणि बंद करत. मशीन एकदाही अडत नसे. पाचव्या दिवशी वच्छला आत येई. चार दिवसांच्या हातचिठ्ठ्या भरायच्या, त्या दिवसाच्या छापायच्या, त्यामुळे मशीन सकाळपासून दिवे लागेपर्यंत चालू राही. आणि दुपारी ते अडे. दर महिन्याला. दिनकररावांना याहून पक्का पुरावा नको होता.

दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कुठल्या गोष्टीनं पडला हे सांगता येत नाही, एवढं बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात. माणूस बदलत होता आणि वेळही बदलत होती. माणूस सगळ्यांना दिसत होता. वेळ कुणी बघत नव्हतं.

मशीनचा इंजिनियर औरंगाबादहून यायचा होता. पण संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली, फाट्यावर टायर जळले, एस.टी. बंद झाल्या. हमाल आले नाहीत म्हणून जिनही थांबलं. वच्छला आईबरोबर संस्थेच्या गोदामामागच्या खोलीत राहत होती, त्यामुळे ती कामावर पोचली. दत्तराव सायकलवरून आले ते रागानं लाल होऊन. ते नामांतराच्या बाजूचे होते आणि टपरीवर चौघांशी भांडून आले होते.

"नावानं काय इटाळ होतो का, सांगा मला!" ते म्हणाले. "कोणत्या जमान्यात राहायलेत ही लोकं! खामखा गाड्या जाळायलेत."

एवढं बोलून त्यांनी मशीनपुढची वच्छलाची खुर्ची रुमालानं झटकली आणि मग तीवर बसले. वच्छलानं ते पाहिलं. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

त्या रिकाम्या दिवसांत वच्छलानं मशीनकडे पहिल्यांदा नीट लक्ष दिलं. फेब्रुवारीत संचालकांची बैठक होती. तीत तिला कायम करायचं, की तिची जागा चेअरमनच्या पुतण्याला द्यायची, हे ठरणार होतं. पुतण्या पुण्याहून तीन महिन्यांचा कोर्स करून आला होता. शिवाय त्याला अडचण नव्हती.

आधी तिला विजेचा संशय होता. जिनचे मोठे पट्टे सुरू झाले की खोलीतला दिवा मिणमिणतो, तेव्हा मशीनलाही झटका बसत असेल. पण आता जिन बंद होतं. दिवा दिवसभर एकसारखा जळत होता, स्टॅबिलायझरचा काटा जागचा हलत नव्हता. तरीही दुपारी जेवणाच्या सुमाराला पॅरिटी चेक आलं. वीज संशयातून सुटली.

मग प्रोग्राम. दुसऱ्या दिवशी तिनं संस्थेचं काहीही न लावता मूळ फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं आणि आकडे मोजत बसणारा चार ओळींचा एक प्रोग्राम लिहून सोडून दिला. कळफलकाला तिनं हातही लावला नाही. खुर्ची भिंतीशी ओढून ती नुसती बघत बसली. आकडे पळत राहिले, पळत राहिले आणि दुपारी थांबले. प्रोग्रामही सुटला. उरलं मशीन, आणि उरली ती स्वतः.

तिनं मशीनच्या पाठीमागे हात नेला. पंख्याच्या जाळीतून वारा यायला हवा होता. तिथं चुलीसमोर बसावं तशी नुसती झळ होती. तिनं बटण बंद केलं, आईकडे जाऊन जेवून आली आणि पुन्हा सुरू केलं. चाललं. दिवस कलताना परत अडलं. तापलं की बंद, निवलं की चालू.

रस्ते मोकळे झाले, दिनकरराव आले, तशी ती त्यांच्यापुढं उभी राहिली. "साहेब, मशीन तापतंय. आतला पंखा कोंडलाय. मला झाकण उघडून बघू द्या."

"तुमी खोलू नका," ते म्हणाले. "एकदा खोललं की कंपनीवाले हात झटकतेत. इंजिनियर यायलाय ना."

"इंजिनियर येईपर्यंत दत्तरावांना दिवसभर बसवून बघा. अडलं तर अडलं."

ते दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. दत्तराव हसले. "बसतो की. माझ्या हाताला मशीन लय मानतंय."

दत्तराव बसले. दुपारपर्यंत एका बोटानं टाइप करत, मधूनच "बगा, कसं पळायलंय" म्हणत ते खुशीत होते. वच्छला बाहेर व्हरांड्यात चिठ्ठ्या वाटत होती. ऊन खिडकीतून सरकून टेबलाच्या पायाशी आलं, आणि आतला आवाज बंद झाला. ती उंबऱ्याशी येऊन बघते तो दत्तराव दोन्ही हात वर धरून बसलेले, पोलिसानं बंदूक रोखल्यासारखे.

"मी काय बी केलं न्हाई, ताई."

"मला माहीत आहे. साहेबांना बोलवा."

"थांबा, थांबा." दत्तरावांचा चेहरा हळूहळू सावरला. त्यांना काहीतरी सुचलं होतं. "तुमी मघाशी दारातून डोकावलात ना? पेन न्यायला?"

"मग?"

"मग तेच की. तुमची सावली पडली असंल."

"दत्तराव, माझी अडचण संपून आठ दिवस झालेत!" हे ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की व्हरांड्यातल्या गर्दीच्या माना वळल्या. ज्या शब्दाची तिला घृणा होती तोच तिच्या तोंडातून आला होता.

"आता बाईमाणसाचं आमाला काय कळतंय," दत्तराव पुटपुटले. दिनकररावांना त्यांनी काय सांगितलं कोण जाणे. पण केबिनमधून बाहेर आल्यावर दिनकररावांनी वच्छलाला बजावलं, की दुसरं कुणी मशीनवर असेल तेव्हा तिनं उंबऱ्यापासून लांब राहावं.

शेवटी इंजिनियर आला. भल्या सकाळी, कडाक्याच्या थंडीत, मफलर गुंडाळून. रात्रभर गारठलेलं मशीन त्यानं सुरू केलं. ते बिनबोभाट चाललं. त्याला परभणीची गाडी गाठायची होती. "दुपारपर्यंत थांबा, तापल्यावर बघा," असं वच्छला म्हणाली, पण त्यानं चहा संपवून दिनकररावांना सांगितलं, "मशीन ओके आहे. ऑपरेटर नीट हाताळत नसेल." दिनकररावांनी मान डोलावली. ती मान डोलावताना त्यांनी वच्छलाकडे असं काही पाहिलं, की तिला इंजिनियरच्या पायाशी पडलेला कप भिंतीवर फेकावासा वाटला. तिनं तो उचलून सरजाबाईकडे दिला.

फेब्रुवारीत तिचे दिवस नेहमीपेक्षा बरेच आधी आले. कॅलेंडरमधल्या त्या तारखेला अजून कुणाचे डोळे लागलेले नव्हते. सकाळी आईनं तिच्यासाठी वेगळं पांघरूण काढलं आणि विचारलं, "हापिसात सांगितलंस?"

"नाही. सांगणारही नाही."

"आगं माय, आन् मशीनला काय झालं म्हंजे?"

"झालं तर ते तापलं म्हणून होईल. माझ्यामुळं नाही."

आईनं पांघरूण घडी करून कोपऱ्यात ठेवलं. मुलगी दार ओलांडत असताना ती एवढंच म्हणाली, "मारुतीपुढून जाऊ नको. मागून जा." वच्छला पुढूनच गेली.

फिटरकडून तिनं पेचकस मागून घेतला होता. ऑफिस उघडायला अवकाश होता आणि खोलीची किल्ली तिच्याकडे असे. तिनं वायर काढली, बांगड्या कोपराकडे सारल्या, मागचे स्क्रू काढले आणि पत्र्याचं झाकण पुढं ओढून उचललं.

पहिल्यांदा तिला आत काही दिसलंच नाही. दिसली ती रुई. जिनमधून उडणारी बारीक तंतूंची रुई पंख्यानं वर्षानुवर्षं आत ओढली होती आणि ती बसून बसून गोधडीसारखी दाट झाली होती. पंख्याच्या पात्यांना काजळी चिकटली होती. कापराची. तळाशी कुंकू सांडलेलं, चार-सहा अक्षता, झेंडूची वाळलेली पाकळी. ज्या यंत्राला इतक्या भक्तीनं पुजलं, त्याचा श्वास त्या पूजेनं आणि कापसानं मिळून कोंडला होता. आणि दोष कुणावर, तर हिच्यावर. ती हसली, पण ते हसू तिचं तिलाच बरं वाटलं नाही.

रंगकामाच्या कोऱ्या ब्रशनं तिनं रुई काढली. पंखा बोटानं फिरवून पाहिला. तो करकरत अर्धा फेरा फिरे आणि थांबे. आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब त्याच्या आसात सोडले. मग खाली वाकून तिनं स्मृतीच्या चिप पाहिल्या. झुरळासारख्या काळ्या, दोन्ही बाजूंना पाय असलेल्या, नऊ-नऊच्या ओळींत त्या खाचांमध्ये बसवलेल्या होत्या. आठांत अक्षर साठतं, नववी त्या आठांवर पहारा करते. बेरीज जुळली नाही की तीच पडद्यावर पॅरिटी चेक लिहून सगळं थांबवते. वच्छलानं डोळा टेबलाच्या पातळीला आणला. ओळी सरळ नव्हत्या. काही चिप एका टोकानं किंचित वर उचलल्या गेल्या होत्या. रोज तापायचं, फुगायचं, रोज निवायचं, आकसायचं, असं वर्षानुवर्षं करता करता त्या केसाएवढ्या वर सरकल्या होत्या. गार असताना पाय खाचेला जेमतेम टेकत. तापल्यावर सुटत.

तिनं एकेक चिप अंगठ्यानं दाबली. दर वेळी बारीक करकर आवाज येई आणि चिप खाली बसे. त्या आवाजानं तिच्या मानेतला महिनोन्महिन्यांचा ताण थोडा थोडा उतरत गेला. दत्तराव यायच्या आत झाकण जागेवर बसलं होतं.

मशीन त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशीही. दुपारी तिनं मागं हात नेला तर तळव्यावर सरळ वारा आला. तिसऱ्या दिवशी दत्तराव दर थोड्या वेळानं दारातून बघून जात होते, आणि व्हरांड्यातली रांग पहिल्यांदाच संध्याकाळच्या आत संपेल असं दिसत होतं.

चहाच्या वेळी दिनकरराव स्वतः आत आले. खुशीत होते.

"बगा मॅडम, म्हणलं नव्हतं? नीट पाळलं की मशीन बी नीट वागतंय." ते दत्तरावांकडे वळले. "तीन दिवस झाले, एकदा तरी बंद पडलं का?"

"न्हाई साहेब. सुतासारखं सरळ झालंय."

"आता परवापासून मॅडमचं टेबल बाहेर लावा. तारीख जवळ आली." हे त्यांनी अगदी कामाच्या सुरात सांगितलं. मग आवाज मऊ करून वच्छलाला म्हणाले, "आन् बैठकीची फिकीर करू नका. मी सांगतो चेअरमनला, पुतण्या-बितण्या नको. आमच्या मॅडम समजदार हायेत, पाळतात. कायम करून टाकू."

म्हणजे एवढंच करायचं होतं. गप्प बसायचं. परवा टेबल घेऊन व्हरांड्यात जायचं आणि जे संपत आलंय त्यासाठी चार दिवस खोटं खोटं बाहेर बसायचं. मग दर महिन्याला, नोकरी असेपर्यंत. मशीन तिनं दुरुस्त केलं होतं आणि त्याचं श्रेय तिच्या लांब राहण्याला जाणार होतं. त्या श्रेयावर ती कायम होणार होती.

"साहेब," वच्छला म्हणाली, "माझा आज तिसरा दिवस आहे."

दिनकररावांना आधी कळलंच नाही. "कशाचा तिसरा?"

"अडचणीचा. परवा सकाळी ह्याच खुर्चीत बसून मी मशीन उघडलं. आतली रुई काढली, पंख्याला तेल घातलं, चिप दाबून बसवल्या. तेव्हा माझा पहिला दिवस होता. तीन दिवस मीच चालवतेय. एकदाही बंद पडलं नाही. तुम्हीच आता सांगितलंत."

प्रिंटर कर्रकर्र चिठ्ठ्या छापत राहिला. दत्तराव टेबलाला टेकून उभे होते, ते टेबल सोडून सरळ झाले. त्यांनी हातातल्या अर्ध्या कपाकडे पाहिलं. चहा वच्छलानंच पुढं सरकवला होता. सरजाबाईनं तोंडाला पदर लावला.

"अगं बाई," ती म्हणाली, "मी सकाळी यांच्या तांब्यातलं पाणी पेले."

"मग काय झालं तुम्हाला?" वच्छला तिच्याकडे वळली. "तुम्हीही बाई आहात ना? तारखा मोजायला तुम्हीच पुढं!"

दिनकररावांचा चेहरा लाल, मग पांढरा झाला. "मॅडम, बोलायची काय पद्धत हाय का न्हाई? चार माणसात असं…"

"चार माणसांत तुम्ही मोजता. कॅलेंडर बघून. मी फक्त आकडा सांगितला."

"उद्यापासून तुमी काट्यावर बसा. मशीनला हात लावायचा न्हाई. बस."

"लेखी द्या."

"काय?"

"लेखी द्या, साहेब. तुमची काट्यावर बदली करण्यात येत आहे, आणि पुढं कारण. कारणासकट द्या."

दत्तरावांनी सवयीनं टाइपरायटरला कागद चढवला. दिनकरराव त्यांच्या मागं उभे राहिले. "लिहा. ऑपरेटर श्रीमती वच्छला यांची… सबब…" आणि ते थांबले. दत्तरावांची बोटं कळांवर तयार होती. "सबब की… त्यांनी…" गेले पाच महिने हे कारण ऑफिसभर फिरत होतं. हमालांना ठाऊक होतं, चहावाल्याला ठाऊक होतं. पण शिक्क्याच्या कागदावर ते उतरेना. त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"मशीन खराब केलं असं लिहू का?" दत्तरावांनी हळूच विचारलं.

तेवढ्यात प्रिंटरनं आणखी एक चिठ्ठी बाहेर टाकली.

"लिहा," वच्छला म्हणाली. "चालू मशीनपुढं उभं राहून लिहा."

दिनकररावांनी कागद ओढून काढला, त्याचा बोळा केला. "बैठकीत बगू," असं म्हणून ते केबिनमध्ये गेले. दार जोरात लागलं नाही. नुसतं लागलं. पाठोपाठ दत्तराव हात धुवायला बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

बैठकीत काय होणार हे वच्छलाला जवळपास माहीत होतं. पुतण्याला बोलावणं जाईल. कारण काहीतरी दुसरं लिहिलं जाईल, चांगल्या मराठीत. प्रिंटरखाली चिठ्ठ्यांची घडी जमिनीला लागली होती. त्या फाडून द्यायला रोज दत्तराव असत. तिनं स्वतः फाडल्या आणि त्या घेऊन ती उंबऱ्याशी आली.

सरजाबाई तिच्या आधी व्हरांड्यात पोचली होती. ती काय बोलली ते वच्छलाला ऐकू आलं नाही, पण गर्दी दोन पावलं मागं सरकलेली दिसली. पुरुष दुसरीकडे बघू लागले. बायका बघत राहिल्या.

"धुरपताबाई, पेडगाव," वच्छलानं पहिलं नाव वाचलं.

एक म्हातारी पुढं आली. डोक्यावर कापसाचे तंतू, पाय धुळीनं पांढरे. लेकाला गाडीजवळ बसवून ती सकाळपासून उभी होती. उंबऱ्यापासून हातभर अंतरावर ती थांबली आणि तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला.

"वरून सोड, माय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, उलट अजिजी होती. "उद्या पोखर्णीला जायचंय, नरसिंहाला. नवस हाय नातवाचा. शिवाशिव नको बग."

वच्छलानं पसरलेला पदर पाहिला. चिठ्ठी वरून सोडली असती तर ती अलगद त्यात पडली असती. कुणाचंच काही बिघडलं नसतं. असंच पाणी वरून ओततात, असाच पैसा वरून टाकतात, आणि घेणारा खाली हात धरून उभा असतो. इथं उलटं होतं. देणाऱ्याच्या हातालाच टाळत होते.

तिनं चिठ्ठी सोडली नाही. कागदाचं एक टोक चिमटीत धरून तिनं हात लांब केला आणि तशीच उभी राहिली.

"सोड ना, पोरी."

"घ्या, आजी."

म्हातारीनं मागं वळून गर्दीकडे पाहिलं. लांब गाडीजवळून लेकानं हाक मारली, "आये, झालं का?" पदर धरून धरून तिचे हात भरून आले. वच्छलाचाही खांदा दुखू लागला होता, पण तिनं हात खाली केला नाही, पुढंही रेटला नाही.

शेवटी म्हातारीनं पदराचं टोक उजव्या हाताच्या बोटांभोवती गुंडाळलं, एक फेरा, दुसरा फेरा, आणि त्या कपड्यातून कागदाचं दुसरं टोक धरलं. दोघींच्या मध्ये चिठ्ठी क्षणभर ताणली गेली. मग वच्छलानं सोडली.

म्हातारी गाडीकडे निघाली. वच्छलानं हातातला पुढचा कागद वर घेतला आणि त्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं.